गेंटहून येणारा वर्धा जिल्हा

माझे वडील निवृत्तीपर्यंत अल्लीपूरच्या शाळेत भूगोल शिकवत राहिले आणि देशाबाहेर कधी गेले नाहीत. बाहेर गेली ती त्यांची पुस्तकं. शिळाप्रेसवर छापलेली, कडा तपकिरी पडलेली जुनी शालेय पुस्तकं ते रद्दीवाल्यांकडून, बंद पडलेल्या शाळांच्या अडगळीतून, हिंगणघाटच्या बाजारातून जमवत. एखाद्या पुस्तकाच्या दोन प्रती हाती लागल्या की त्यातली एक कुणाशी तरी बदलून घेत. विकत नसत. पुस्तकाला पुस्तक, एवढाच त्यांचा व्यवहार. गावात त्यांना सगळे अण्णाजी म्हणत. लिस्बन, टोरांटो आणि गेंटचे लोकही तेच लिहीत, कारण बाबा इंग्रजी पत्राखालीही सही तीच करत.

अदलाबदलीचा एक नियम होता. दोघांनी ठरलेल्या एकाच दिवशी आपापलं पार्सल टपालात टाकायचं. तुमचं आधी येऊ द्या मग मी पाठवतो, असं म्हणायचं नाही. असं म्हणणाऱ्याशी बाबा पुन्हा पत्रव्यवहार करत नसत.

त्यांची शेवटची अदलाबदल गेंटच्या योरिस यांच्याशी ठरली होती. योरिस नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. जगभरच्या शाळांमधली भूगोलाची जुनी पुस्तकं जमवणं हा त्यांचा छंद. बाबांकडे युरोपखंडाचा एक मराठी भूगोल होता आणि त्यात एक वाक्य होतं : 'गेंट शहरीं कापसाचे कारखाने व कालवे पुष्कळ आहेत.' तेवढ्या एका वाक्यासाठी योरिसना ते पुस्तक हवं होतं. त्यांच्याकडे होतं वर्धा जिल्ह्याचं वर्णन. मराठी शाळांसाठी कुणीतरी लिहिलेलं, चाळीसेक पानांचं, कुण्या मिशनऱ्याच्या पेटीतून तिकडे गेलेलं. त्याची दुसरी प्रत बाबांना उभ्या आयुष्यात कुठे दिसली नव्हती. त्यांनी ज्या दिवशी योरिसचा होकार वाचला, त्या दिवशी मला कॉलेजात फोन केला. मी तासावर होते. नंतर उलट फोन केला तर म्हणाले, "काही नाही. आपला जिल्हा घरी येतो आहे."

पार्सल टाकून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बाबा गेले. पहाटे, झोपेत.

मी एकुलती एक. आई मी शाळेत असतानाच गेली. तेव्हा बाबांच्या थोरल्या बहिणीनं, आनंदाबाईनं, रोहण्याचं सासरचं घर बंद केलं आणि ती आमच्याकडे आली. आत्याचे यजमान आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. ती आली आणि राहिली. मी हिंगणघाटला कॉलेजात मराठी शिकवते आणि रोज अल्लीपूरहून बसनं जाऊन येऊन करते. आता घरात आम्ही दोघीच.

तेरवी झाल्यावर मी बाबांच्या पत्रांना उत्तरं द्यायला बसले. योरिसना कळवलं. त्यांचं उत्तर छोटं आणि चांगलं होतं. युरोपखंडाचा भूगोल त्यांना सुखरूप मिळाला होता. त्यांचं पार्सल त्यांनी ठरल्या दिवशीच टाकलं होतं आणि त्याचा क्रमांकही त्यांनी पाठवला. मी तो क्रमांक टपालाच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. पार्सल मुंबईत पोचलं होतं. पुढे काही नाही.

मी थांबले. कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर घरात आली, उन्हं तापायला लागली. पार्सल मुंबईतच.

पुस्तकं टपालात कशी नाहीशी होतात, हे मला बाबांच्या पत्रमित्रांकडून ठाऊक होतं. टोरांटोच्या बाईंना एक पाकीट आलं होतं, ब्लेडनं कापलेलं आणि आत नुसता पुठ्ठा. लिस्बनच्या गृहस्थांना आलेला खोका वजनाला बरोबर होता, उघडला तर फरशीचे तुकडे निघाले. चोराला पुस्तकाची किंमत कळत नाही, त्याला फक्त परदेशी तिकिटं दिसतात, असं ते लिहीत. म्हणजे वर्धा जिल्हा कुणीतरी फोडून, निराश होऊन, नाल्यात फेकला असणार. मी तक्रार दाखल केली, स्मरणपत्रं धाडली, पुन्हा तक्रार केली. माझी अर्जाची भाषा चांगली आहे. चोरी झाली याबद्दल मला शंका नव्हती, प्रश्न फक्त कुठे झाली हा होता. योरिस मात्र या काळात गप्प होते. त्यांनाही वाईट वाटत असेल, असं मी धरून चालले.

एका शनिवारी आमचा पोस्टमन मुकेश विजेचं बिल द्यायला दारात आला, तेव्हा मी त्याला सहज विचारलं.

"परदेशी पार्सल? माह्या हातून नाई गेलं ताई," तो म्हणाला. "अण्णाजीचं असतं तर मी झोपेतबी ओळखलं असतं. कधी येणार होतं?"

मी महिना सांगितला.

"तवा तर मी सुट्टीवर होतो. बहिणीचं लगन होतं नं. माह्या जागी कवडू होता, तिकडच्या गावचा. थांबा, त्याले विचारतो."

त्यानं तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. मुकेश "हव... हव... कोन्तं घर?... खरं सांगून राह्यला काय बे?" असं म्हणत गेला आणि म्हणता म्हणता माझ्याकडे पाहायचं टाळायला लागला. फोन ठेवून त्यानं टोपी नीट केली.

"ताई, तुमचं पार्सल चोरीले गेलं नाई."

"मग?"

"घरी आलं होतं. याच दारात. घरच्यायनं घेतलं नाई म्हणते थो. परत लावून देल्लं."

"घरच्यांनी म्हणजे कुणी?"

मुकेशनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आत्या ओसरीत बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काऊन पाहतं बे माह्याकडे?" ती म्हणाली. "मीच परत धाडलं. त्यात काय लपवाचं हाय?"

मुकेश गेला. मी आत्याच्या समोर बसले. संकेतस्थळावरची नोंदच मुंबईत अडकली होती. मी इतके महिने मुंबईतल्या अनोळखी माणसांना चोर ठरवत होते.

"आत्या, त्यात बाबांचं पुस्तक होतं."

"मले काय माईत? खोक्यावर काय लिहून असते मले वाचता येते काय? इंग्रजीत होतं."

"मग घेऊन ठेवायचं. मी पाहिलं असतं."

"तेरवी व्हायची होती," आत्या म्हणाली. "सुतकात मेलेल्या मानसाच्या नावाचं उंबऱ्याच्या आत घेत नाईत. तुह्या आजीच्या वक्ती तिच्या नावाची लुगड्याची गठडी आली होती, तेबी परत गेली होती. इचार गावात कोनालेबी. तू होती कुठं? तुमी सगळे अस्थी घेऊन पुलगावले गेलते. घरात मी एकली."

हे खरं होतं. त्या दिवशी आम्ही सगळे वर्धा नदीवर होतो. घरात दुसरं कुणी असतं, तर खोका आत आला असता आणि आत्यानं फार तर त्यावर गोमूत्र शिंपडलं असतं.

"नंतर तरी सांगायचंस," मी म्हणाले.

आत्यानं सुपातला एक खडा उचलला, पाहिला, बाजूला टाकला.

"थो पोरगा नवा होता," ती म्हणाली. "त्याले काय माईत आपल्या घरी काय झालं थे. दारात उभा राहून त्यानं हाक देल्ली. 'अण्णाजी झाडे!' अशी मोठ्यानं. मी चुलीपाशी होती. मले वाटलं, आता अण्णा म्हणते, आलो. मी थांबली. खरंच थांबली वं, सुरभे. हातातलं लाकूड तसंच." तिनं पुन्हा सूप हलवायला घेतलं. "कोनी बोललं नाई. मंग मी बाहेर गेली अन् म्हनलं, ज्याच्या नावानं आलं थो नाई. घेऊन जाय. हे काय मी तुले सांगत बसू?"

मी उठून चहा ठेवला.

रात्रीच्या आत मी योरिसना लिहिलं. जे झालं ते जसंच्या तसं, सुतकासह. सुतकाला इंग्रजीत बरा शब्द सापडेना, म्हणून तीन ओळी खर्ची घातल्या.

त्यांचं उत्तर आलं आणि गप्प राहण्याचं कारण कळलं. पार्सल त्यांच्याकडे परत पोचलं होतं, त्यावर 'नाकारले' अशा लाल शिक्क्यासह. त्यांनी ते फोडलंही नव्हतं. त्यांना वाटलं, अण्णाजींच्या घरच्यांना हा पुस्तकांचा व्यवहार पुढे चालवायचा नाही आणि ते सांगायला संकोच वाटतो आहे. मी तक्रारींबद्दल त्यांना कधी लिहिलंच नव्हतं. कुणाच्या घरच्या दुःखात दोनदा दार वाजवायचं नाही म्हणून ते गप्प बसले होते. शेवटी त्यांनी लिहिलं होतं : 'एकदा परत आलेलं पुस्तक मी पुन्हा टपालात टाकत नाही. या पुस्तकाचा कागद हातात तुटतो. दोन प्रवासांतून ते वाचलं आहे. मी तुम्हाला सगळ्या पानांची उत्तम छायाचित्रं पाठवतो. युरोपखंडाचा भूगोल परत हवा असेल तर तोही पाठवतो.'

छायाचित्रं घेऊन मामला मिटवता आला असता. वाचायला तीच सोयीची. पण बाबांनी छायाचित्रांची अदलाबदल केली नव्हती. त्यांनी एक पुस्तक दिलं होतं आणि एक पुस्तक घरी येणार होतं. ते त्यांचं शेवटचं काम होतं आणि ते अर्धं राहिलं होतं, तेही आमच्याच दारात. मला ते पूर्ण करायचं होतं. मी लिहिलं : 'युरोपखंड तुमच्याकडेच राहू द्या, ते तुमचं आहे. वर्धा जिल्हा आमचा आहे. तो टपालात हरवेल ही भीती मला मान्य आहे. पण आतापर्यंत टपालानं तो हरवलेला नाही, उलट दोन्ही वेळा इमानानं पोचवला आहे. चूक घरात झाली होती आणि घर मी सांभाळते.'

दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. ते तयार होते, पण एका अटीवर. त्यांची जी पार्सलं आजवर वाया गेली, ती दारात माणूस नसल्यानं गेली होती, नोकरीवर गेलेल्या, प्रवासात असलेल्या माणसांच्या नावानं पाठवलेली. तेव्हा दिवसभर घरात असणाऱ्या व्यक्तीच्या नावानंच ते पाठवतील. तुमच्या घरी दिवसभर कोण असतं?

दिवसभर घरी आत्या असते.

तिला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"माह्या नावानं? विदेशातून?"

"हो."

"लोकं काय म्हणतीन?"

"आनंदाबाईला पार्सल आलं म्हणतील."

"मले नाई जमत. सही बिही मागतीन. अन् माहं काय काम त्या पुस्तकात? तू घे सुट्टी अन् बस दारात."

"कधी येईल माहीत नाही. महिना लागेल. महिनाभर सुट्टी घेऊ?"

"घे. एवढी शिकली तं सुट्टीबी भेटत नाई काय?"

तीन दिवस ती ऐकेना. सुतक कधीच संपलं, आता अडचण काय, असं मी विचारलं, तर म्हणाली अडचण काही नाही. चौथ्या दिवशी योरिसनीच विचारलं की फोनवर बोलता येईल का, नाव कसं लिहायचं ते त्यांना नीट समजून घ्यायचं होतं. मी व्हिडिओ कॉल लावला. पांढऱ्या दाढीचा, जाड चष्म्याचा माणूस पडद्यावर आला. त्यांच्या मागे छतापर्यंत पुस्तकं होती. आत्या स्वयंपाकघरातून माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली, पदर डोक्यावर.

"हा एकलाच राह्यते काय?" तिनं मला विचारलं.

"हो."

"रंधते कोन याले?"

"स्वतःच करत असतील."

"जेवला काय म्हना त्याले."

मी विचारलं. योरिस म्हणाले, अजून नाही, तिथे आत्ता दुपार व्हायची आहे. मग त्यांनी हळूच, तालीम केल्यासारखं, "नमस्कार, आनंदाबाई," असं म्हटलं. 'द' जरा जड पडला, बाकी बरोबर होतं.

आत्या थोडी मागे सरली. मग पदर सावरून पुढे झाली.

"सांग त्याले," ती म्हणाली, "पाठव म्हना. मी हाओ घरी. मी कुठं जातो?" आणि मी सांगेपर्यंत पुन्हा माझ्या खांद्याला हात लावून, "अन् मधात त्याइचंबी नाव टाकाले सांगजो."

त्याइचं म्हणजे यजमानांचं. ते तिनं आजवर कधी उच्चारलेलं नाही. मी योरिसना एकेक अक्षर सांगितलं : आनंदाबाई रूपराव भोयर. त्यांनी ते लिहून कागद पडद्यासमोर धरला. आत्याला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण तिनं ती बराच वेळ पाहिली.

त्यानंतर मुकेशचे हाल सुरू झाले. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की आत्या बाहेर. "आलं काय बे?" तो नाही म्हणाला की, "झोपा काढता तुमी लोकं." एकदा तो म्हणाला, "आजी, विदेशातून यायले टाइम लागते. पार्सल काय उडत येते?" त्यावर आत्या म्हणाली, "उडतच येते. पोरीनं सांगितलं मले." मुकेशनं पुढे तिचं नाव 'विदेशवाली आजी' पाडलं आणि ते आमच्या गल्लीत चाललं. आत्याला राग आला नाही. दुपारी लगतच्या घरी जायची तिची सवय मात्र त्या महिन्यात बंद झाली. शेजारच्या सरिताबाईच घरी येऊन बसू लागल्या.

संकेतस्थळावर पार्सल पुन्हा मुंबईत आलं आणि पुन्हा थांबलं. मी रोज बसमध्ये नवा क्रमांक टाकून पाहायची. पोचेल याची मला खात्री होती. ती कुठून आली होती हे मला सांगता येणार नाही, पण होती. मी तक्रार केली नाही.

ते आलं त्या दिवशी मी कॉलेजात होते. संध्याकाळी घरी आले तर आत्या ओसरीत खाटेवर बसली होती आणि मांडीवर खोका. फोडलेला नव्हता.

"सही केली," तिनं सांगितलं. "मुकेश म्हणे आंगठा चालते. म्हनलं, आंगठा तुह्या घरी. पुरं नाव लिहिलं. वाट पाहत उभा होता बिचारा."

"दुपारपासून अशीच बसली आहेस?"

"मंग? ठेवू कुठं? उंदरं हायत घरात."

मी कैचीसाठी हात पुढे केला.

"थांब," आत्या म्हणाली. "माह्या नावानं हाय."

तिनं स्वतः उघडलं. चिकटपट्टीचं टोक नखानं शोधून, न फाडता, एकेक करत सोडवलं. तिला वेळ लागला. मला घाई झाली होती. आत पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आत मऊ कागद, त्याच्या आत वर्धा जिल्हा. हाताच्या पंजाएवढा. वरचं पान कोपऱ्यात तुटलेलं, शाई अजून काळी. पहिल्या पानावर नदी आणि तालुक्यांचा हातानं काढलेला नकाशा होता. मी बाबांबद्दल विचार करू लागले आणि थांबले, कारण आत्या पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणत होती, "पाह्य, रोहणा हाय काय याच्यात."

मी जपून पानं उलटली. आर्वी तालुका सव्विसाव्या पानावर होता. गावांची नावं, मग प्रत्येकाची ओळ-दोन ओळी.

"आहे," मी म्हणाले. "ऐक. 'रोहणा. जमीन काळी व कसदार. लोक कष्टाळू. कापूस उत्तम होतो. पाणी मुबलक.'"

"काय म्हनलं?"

"पाणी मुबलक."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे.

"मुबलक?" ती म्हणाली. "मुबलक म्हंजे लय नं? कोनी लिहिलं हे? नवी नवरी होऊन गेली मी रोहण्याले, तवा पहाटे उठून वावरातल्या विहिरीवर जाऊन पान्याचा पितळी गुंड भरून आनावा लागे. डोक्शाचे केस गेले माहे. उन्हाळ्यात थे विहीरबी आटे. मुबलक म्हणते! या लिहिणाऱ्यानं एक तरी गुंड उचलला होता काय?"

मी हसले. बाबा गेल्यानंतर मी घरात मोठ्यानं हसले नव्हते. आत्याही हसली, पण लगेच थांबली, कारण तिला राग खराच आला होता.

"अन् त्या मानसानं हे खरं समजून इतके वर्ष जपून ठेवलं," ती म्हणाली. "त्याले कोन सांगीन?"

"कुणी सांगायचं?"

"मी सांगतो. पार्सल कोनाच्या नावानं आलं?" तिनं खोका खाली ठेवला, पदर झटकला आणि खाटेवर मांडी घालून बसली. "आन तुहा थो फोन. अन् मी जसं म्हनतो तसंच लिहिजो, तुह्या शुद्ध भाषेत नाई. लिही. 'दादा, पुस्तक भेटलं. पन रोहण्याचं चुकलं हाय...'"